पछाडि हेर

फॉर्मवर एक रकाना आहे : याआधी कुठे खेळलात?
रेघ बोटभर.
मुलाणी सर म्हणतात, लिही की गं पटाकदिशी,
सांगलीची गाडी साडेनवाची हाय.

काठमांडू लिहिते. खोडते.
तिथं मी खेळले कुठं, तिथं पडायला शिकले.
तिसऱ्या मजल्यावर बाबांची गलाई,
मूस, भाता, तेजाबाचा पिवळा धूर.
सोनारांच्या दुकानातला केर पोत्यांनी यायचा वर,
बाबा तो जाळायचे, धुवायचे, पुन्हा धुवायचे,
तळाशी मोहरीएवढं काहीतरी उरलं की
मला हाक मारायचे, बघायला.
मी बहुतेक वेळा खाली चोकात असायची.
विटांची फरशी, चारी बाजूंना भिंती,
जागा इतकी कमी की दोन पावलांत वळलं नाही
तर नाक फुटायचं.
माझं एकदा फुटलं.
ते वळण अजून डाव्या घोट्यात आहे.
तीन नंबरचे बूट तिथंच राहिले, जिन्याखाली.

मग शारजा.
रात्री दहाला सराव, कारण दिवसा
प्लास्टिकचं गवत तळवे भाजायचं.
इद्रीस कोच फारसा बोलायचा नाही, शिट्टी मारायचा.
एक लांब : थांब. दोन आखूड : पसरा.
आम्ही अकराजणी, सहा भाषा,
आणि कुणाच्या तरी वडिलांचा व्हिसा संपला
की आमची लेफ्ट बॅक संपायची.
एका वर्षात चार लेफ्ट बॅक.
पाचवी मी.
तोवर मी पुढं खेळायची, गोल करायची.
मागं उभं राहिल्यावर कळलं
मैदान केवढं लांब असतं.
पाच नंबरचे बूट रीमला दिले. तिला सैल होते.
म्हणाली, वाढेन.

मग बाबांची छाती धरली
आणि आम्ही विट्याला आलो.
आलो म्हणजे परत आलो, असं सगळे म्हणतात.
मी तर पहिल्यांदाच आले होते.

इथं मुरूम.
पहिल्याच दिवशी मी शारजासारखी घसरत गेले
चेंडूवर,
आणि गुडघ्याचं कातडं मैदानात ठेवून उठले.
मुलाणी सरांनी हळद नाही, शिव्या नाही,
नुसतं सांगितलं :
हितं आडवं व्हायचं न्हाय. हितं उभं राहून बॉल काढायचा.
मला वर्ष लागलं.
चेंडूला बाभळीचा काटा लागतो,
पंक्चरवाल्या बागवानाकडं आमचं खातं आहे.
पोरी मला म्हणतात, ए नेपाळी.
काठमांडूत म्हणायचे इंडियन.
शारजात नंबर होता, सतरा.

मागच्या महिन्यात तासगावशी मॅच.
प्रणोतीच्या पायात चेंडू,
तिच्या पाठीवर त्यांची ती उंच पोरगी धावत आलेली,
मला ओरडायचं होतं, मागं बघ,
आणि तोंडातून निघालं
पछाडि हेर!
किती वर्षांनी. कुठून.
प्रणोती वळली. विचारलं नाही काही.
चेंडू डावीकडं, मला.

पाणी पिताना म्हणाली, काय वरडलीस गं मगाशी?
नेपाळी, म्हटलं.
हट्. हेर म्हंजे हेर.
आमचा दादा खरसुंडीच्या जत्रंत खोंड हेरतोय,
तसंच की.
आणि बाटली माझ्या डोक्यावर ओतली उरलेली.

बाबा आता घरीच असतात.
मी आले की बूट उलटे करून आपटतात पायरीवर,
पडलेली माती निरखतात थोडा वेळ,
सवयीनं,
मग फुंकून टाकतात.

मी अजून रेघेवरच.
सरांनी पेन ओढून घेतलं, स्वतःच लिहिलं : विटा.
शिक्का मारला. चल.

गाडीत खिडकीपाशी प्रणोती झोपलीय तोंड उघडं टाकून,
बाहेर द्राक्षांचे मांडव सुरू झाले म्हणजे तासगाव आलं.
नवे बूट सात नंबरचे, अंगठ्याला चावतात.
गुडघ्यावरची जखम कधीच भरली,
आत मुरमाचा एक खडा मात्र तसाच,
बोट फिरवलं की लागतो.
डॉक्टर म्हणाले होते, काढू या का?
दुखतं का?
नाही.
मग राहू दे.